मुलींच्या सातवीतलं राहिलेलं नाव

१७ नोव्हेंबर १९९३

कंटाळा आलाय. दहावं प्रदर्शन – आणि शेवटचं. आमचं बदलापूर इतिहास मंडळ म्हणजे आता अध्यक्ष दिनानाथराव, चिटणीस मी आणि एक लोखंडी कपाट. वाचनालयाला त्यांची खोली परत हवीय. दिनानाथराव म्हणाले, "श्रीपाद, गावाचा इतिहास जमवता जमवता आपणच इतिहासजमा झालो!" हसलो. पाठ दुखत होती.

दिवसभर जुने फोटो टांगले. प्रत्येकाखाली कोरा कागद आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. नियम माझाच – जो चेहरा ओळखेल त्यानं नाव लिहायचं आणि खाली सही करायची. सहीशिवाय नाव धरायचं नाही. असं करत तीन-चारशे चेहऱ्यांना नावं मिळाली. थोडंथोडकं काम नाही हे!

मुलींची सातवी, १९४८ – तोही टांगला. अकरा मुली, दहा नावं. मधल्या रांगेत डावीकडून तिसरी – 'अनोळखी'. पहिल्या वर्षापासून तशीच आहे.

१८ नोव्हेंबर

डबा भरताना वृंदा म्हणाली, "लिहून टाका ना एकदाचं. इतकी वर्षं बायको आहे मी, मला कळतं, तुम्हाला झोप येत नाही ती कशानं. आता कोण बसलंय विचारायला?"

कोणी नाही. इथं तरी लिहावं. फोटोतली ती 'अनोळखी' म्हणजे मालूताई. माझी सख्खी बहीण, दोन वर्षांनी मोठी. सत्तावन्न साली तिनं भीमरावांशी लग्न केलं – ते बौद्ध, रेल्वेत कारकून. अप्पांनी तिच्या नावानं आंघोळ केली. लोक बोलण्यात म्हणतात तशी नव्हे, खरीखुरी. परसातल्या विहिरीवर, भर दुपारी, शेजारीपाजारी बघत असताना. पाणी मी शेंदून दिलं. बावीस वर्षांचा घोडा होतो! नाही म्हणता आलं असतं.

ताई विठ्ठलवाडीला असते एवढं ऐकून आहे. इथून तीन स्टेशनं. छत्तीस वर्षांत गेलो नाही. अप्पांना जाऊनही बावीस वर्षं झाली, म्हणजे त्यांचा धाक हेही कारण उरलेलं नाही. नाव लिहिलं तर कोणीतरी विचारणार – कुठे असते, कशी आहे? काय सांगू? लाज जातीची नाही आता. त्या पाण्याची आहे.

१९ नोव्हेंबर

पहिला दिवस. साठ-सत्तर माणसं आली. उल्हासनगरहून एक सिंधी गृहस्थ आले होते, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या बराकींचा एकही फोटो नाही म्हणून रुसले. "साईं, हमारा भी तो कुछ रखो!" खरं आहे त्यांचं. पण आता कोण करणार?

दारापाशी टेबलावर बसून बसून पाठ धरली. एका पांढऱ्या केसांच्या बाईंना अभिप्राय लिहायला पेन हवं होतं. माझं हिरव्या शाईचं दिलं. "बाई, चहा घेणार?" विचारलं. नुसती मान हलवली. पेन मात्र टोपण लावून परत दिलं – हल्ली कोण लावतं!

अभिप्राय वही कोणीच वाचत नाही. 'स्तुत्य उपक्रम' किती वेळा वाचायचं? भरली की कपाटात.

२० नोव्हेंबर

गयाबाई आली. शाळेत झाडलोट करायची, आता सत्तरीची. काठी टेकत थेट त्या फोटोपाशी.

"ही तुमची मालू ना, दादा? आनवलखी लिवलंय म्हनतात, ती कशी? लिवा तुमी. मना लिवता येत नाय, मी आंगठा देते."

नियमात बसत होतं. मी म्हणालो, पेन्सिलीचं टोक मोडलंय.

मोडलं नव्हतं. तिनं पेन्सिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली आणि गेली.

२१ नोव्हेंबर

समारोप झाला. सगळे गेल्यावर लिहिलं. 'मालिनी.' खाली सही – श्रीपाद, धाकटा भाऊ.

वाटलं होतं मोकळं वाटेल. नुसतं दमायला झालं. बघायला कोणी नव्हतं.

२८ नोव्हेंबर

कपाट रिकामं केलं. रद्दीत घालण्याआधी अभिप्राय वह्या चाळल्या. चौऱ्याऐंशीपासून दरवर्षी, पहिल्याच दिवशी, तेच अक्षर, तीच ओळ – 'एक नाव राहिलं आहे. मालिनी भीमराव, विठ्ठलवाडी.'

दहा वेळा. यंदाची हिरव्या शाईत.

बाई म्हणालो मी तिला. बाई, चहा घेणार?