पिकअपचा वारस ठरवताना

मी, तुळसा रघू वैती, राहणार वरळी कोळीवाडा, धंदा मासळीचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. करून तर बघा कोणी! डोकं शाबूत आहे. गुडघे गेले, पण कान अजून खणखणीत आहेत. लिहून घेणारी वकील सुरुची शेजारचीच मुलगी. ती मधेमधे म्हणते, "काकू, हे मृत्युपत्रात नको." मी म्हणते, मरणार मी आहे, तू लिही.

कलम १. कोळीवाड्यातलं राहतं घर माळ्यासकट माझा एकुलता मुलगा स्वरूप याला. बँकेत जे निघेल तेही त्यालाच. पोरगा गुणी आहे, ऑफिसात मान आहे. मात्र दारातल्या ओट्यावर जाळी विणायला बसणाऱ्यांना त्याने कधी उठवू नये.

कलम २. माझे दागिने सून किर्ती हिला. तिने ते अंगावर घालावेत, लॉकरात कुजवू नयेत.

कलम ३. आता पिकअप. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल.

ही गाडी माझ्या नवऱ्याने, रघूने, जुनी म्हणूनच घेतली होती. भाऊच्या धक्क्यावरून दादरच्या बाजारात आमची मासळी तीच नेते. रघूच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा मी स्टेअरिंग धरलं. धक्क्यावरचे बाप्ये फिदीफिदी हसले. पुढे त्यांच्याच गाड्या आचके द्यायला लागल्या की यायचे, "तुळसाबाय, जरा कान लाव गो!" मी लावायचे. पण पान्याला आधी हात नाही. आधी विचारायचं. थंड असताना बंद पडते की तापल्यावर? रिकामी की भरलेली? धूर काळा की पांढरा? बंद पडायच्या आधी काय केलं होतंस? निम्मं दुखणं तिथेच सापडतं. रघू गेला, तरी माझा धक्का चुकला नाही, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नारळी पुनवेला कोळी आपली बोट रंगवतो. आमची बोट केव्हाच विकली गेली, म्हणून आम्ही पिकअप रंगवतो, हार घालतो, तिच्यापुढे नारळ फोडतो. यंदा माझे दीर मनूभावजी यांनी तिला निळा ऑइलपेंट मारला. नवरीसारखी दिसत होती.

आणि पुनव झाली तशी गाडी लालबागला बंद पडायला लागली. धक्क्यावर एका सेल्फमध्ये चालू व्हायची, जरा अंतर गेलं की ओढ कमी, दोन आचके, गप्प. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा चालू. टाकी फुल्ल असली की आणखी लवकर बसायची. करी रोडच्या राकेशने डिझेल फिल्टर बदलला, पाइप साफ केले, पंप नवा टाकला. त्याच्या गॅरेजात गाडी झकास चालायची. दुसऱ्या दिवशी लालबागला पुन्हा तेच. मला वाटलं डिझेलमध्ये पाणी असेल, नव्हतं. शेवटी राकेश म्हणाला, "मावशी, इंजिन खोलायला लागेल."

स्वरूपने भंगारवालाच घरी आणला. "आई, किती दिवस ओढणार? भाड्याचा टेम्पो लावू." भंगारवाला टायरला लाथ मारून बघत होता. गाडी गेली की माझा धक्का सुटणार, आणि मग मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "जेवलास काय रं?" विचारणारी म्हातारी होणार. ते मला नको होतं.

दुसऱ्या सकाळी लालबागला पुन्हा बसली. मागे पापलेट, बर्फाचं पाणी रस्त्यावर गळतंय, मागच्या गाड्या हॉर्न मारतायत. त्या दिवशी सोबत आलेला स्वरूप उतरून भंगारवाल्यालाच फोन लावत होता. माझे गुडघे गेल्यापासून गाडी किर्ती चालवते. तिने बॉनेट उघडलं नाही. मला विचारलं, "आई, काल वाटेत डिझेल भरलं, त्यानंतर दादरपर्यंत नीट गेली ना?"

"गेली."

"राकेश टाकीत डोकावतो, तेव्हा गॅरेजात पण नीट चालते."

"हो गं, मग?"

"मग झाकण उघडलं की बरी होते ही!"

ती गेली आणि डिझेलच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत अशी हवा ओढली गेली, फुस्स! मला सीटवर ऐकू आलं. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते भावजींच्या निळ्या रंगाने बुजलं होतं. डिझेल बाहेर जातंय, त्याच्या जागी हवा येत नाही. इंजिनाने ओढायचं तरी काय? टाकी फुल्ल असली की आत हवा आधीच कमी, म्हणून तेव्हा आणखी लवकर बसायची. किर्तीने पदराची पिन काढून भोक मोकळं केलं. गाडी थेट दादरला.

माझ्या आधी तिला कळलं. पहिल्यांदा मी चडफडले. मग भर रस्त्यात रडले. माझेच प्रश्न तिने माझ्याहून शांतपणे विचारले होते. माझी सून आहे ती!

कलम ४. मनूभावजींना रंगाचा ब्रश. गाडी दरवर्षी त्यांनीच रंगवावी, झाकण सोडून.

कलम ३ पुढे चालू. स्वरूप विचारतो, "गाडी माझ्या नावावर का नाही?" बाबा, तू गिऱ्हाईक आणलंस, तिने कारण शोधलं. म्हणून सदर पिकअप माझ्या पश्चात किर्ती हिला...

इथे मी सुरुचीला थांबवलं. पश्चात कशाला? मी आणखी वीस वर्षं जगले तर ही पोर तोवर माझी ड्रायव्हर म्हणून राहणार काय? गाडी आजच दिली.

"काकू, मग ती मृत्युपत्रात येत नाही."

"मग येत नाही असं लिही."

सबब, पिकअप या मृत्युपत्रात नाही. नाव बदलायच्या कागदांवर मी आज सही केली आणि चावी किर्तीच्या हातात ठेवली. मला वाटलं, वाकून पाया पडेल. तिने मूठ मिटली आणि म्हणाली, "आई, उद्या धक्क्यावर तुम्ही माझ्या बाजूच्या सीटवर. पण मी गिअर टाकताना मधे बोलायचं नाही."

ही अट मला मान्य नाही, आणि तसं मी दोन्ही साक्षीदारांसमोर लिहून ठेवत आहे.

सही: तुळसा रघू वैती

साक्षीदार:
१. राकेश गुरव, गॅरेज, करी रोड (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणून याला काही ठेवलेलं नाही, राग नाही)
२. डॉ. हेरंब सामंत, दादर (मी शुद्धीवर असल्याचं यांनी तपासून सांगितलं, मी आधीच सांगितलं होतं)

स्थळ: वरळी कोळीवाडा, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५