जगूचं रुखवत

परंडा
६ जानेवारी २०२५

ती. हरणाआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तुम्ही "बरी हाय" एवढंच म्हणून ठेवून देता. जगू गेल्यापासून दीड वर्ष हे असंच चाललंय. म्हणून पत्र लिहितेय. हे ठेवून द्यायचं तरी आधी एकदा वाचावं लागेल.

माझं लग्न ठरल्याचं आबांनी कळवलंच आहे. १६ फेब्रुवारी. स्थळ येरमाळ्याचं, नाव युवराज. लग्न सकाळी आणि संध्याकाळी रिसेप्शन, दोन्ही इथंच कार्यालयात. रिसेप्शन मात्र मी माझ्या मनासारखं करणार आहे. थर्माकोलचे मोर नकोत, डीजे नको. खणाच्या कापडाच्या पताका, टेबलांवर पितळी तांब्यांत ज्वारीची कणसं, पत्रिका हातानं लिहिलेल्या. आई म्हणते, घरात पहिली पदवी आली ती कणसं मांडायला. आबा म्हणतात, मांड काय मांडायचं ते, पण पाहुणे कणसं खायला लागायच्या आत जेवण वाढ.

रुखवताच्या टेबलावर प्रत्येक वस्तूपुढं, ती जिनं केली तिच्या नावाची चिठ्ठी ठेवणार आहे. आपल्या बायका जन्मभर हातानं करत राहतात आणि नाव कुणाचंच राहत नाही, हे मला पटत नाही.

आता खरं बोलते. हे सगळं मी एकटीनं ठरवलेलं नाही. सुट्टीत तुमच्या गच्चीवर जगू आणि मी मिळून ठरवलं होतं. आधी तिचं लग्न, मग माझं. तिचा साखरपुडा झाला, रुखवतही करून झालं, आणि मग ती कावीळ. ते रुखवत तुमच्या पेटीत आहे, मला ठाऊक आहे. माझ्या लग्नात मांडू द्याल का? हे विचारायला धीर होईना, म्हणून आधीची दोन पत्रं फाडली.

आणि तुम्ही याच.

मामांना नमस्कार. राग आला तर तोही कळवा, पण माया आहे तशी राहू द्या.

तुमची भाची,
दीपमाला


उमरगा
१७ जानेवारी

चि. दीपमालास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझे मामा मला मोठ्यानं वाचून दाखवत होते. रुखवतापाशी आले अन् चष्मा पुसायला म्हणून उठले, ते परत बसलेच न्हायत. पुढचं म्या वाचलं.

पेटी परवा उघडली. क्रोशाचं तोरण, मण्यांची तुळस, रंगीत गव्हल्यांच्या बरण्या. एका बी गव्हल्याला किडा लागला न्हाय. वळताना तिला म्हणत हुते, बाई, एवढं बारीक कोण बघतंय? तर म्हणायची, सासू बघंल की.

पर पोरी, गेलेल्या लेकीचं रुखवत शुभकार्यात कोण मांडतंय? वहिनी घाबरतील, अन् त्यांचं चुकत बी न्हाय. तरी तुला पाहिजे असंल तर ने. पेटीत ठिवून म्या तरी काय करू. एकच अट. तिच्या नावाची चिठ्ठी ठिवायची न्हाय. उद्या तुझं जरा दुखलंखुपलं, तर सासरच्यांस्नी माझ्या लेकीचं नाव सापडंल. जित्तेपणी तिनं कुणाचं वाईट चिंतलं न्हाय. गेल्यावर तिच्यावर बोल आलेला मला सोसायचा न्हाय.

यायचं मात्र इचारू नको. वाजंत्री कानावर आली तरी म्या दार लावून घेते.

दादाला अन् वहिनीला सांग, आठवण हाय. सुखी ऱ्हा.

तुझी,
हरणाआत्या


परंडा
२६ जानेवारी

ती. हरणाआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची अट मला आवडली नाही. जिनं सगळ्यांत सुंदर केलं, तिचंच नाव नाही? मी घरात भांडले. आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. मग म्हणाली, आणा पेटी, पण वन्सं म्हणतात तसंच करा, नाव नको. मी म्हटलं, मग सगळ्याच चिठ्ठ्या काढून टाकते. त्यावर आबा एवढंच म्हणाले, तत्त्व तुझं आहे, लेक तिची आहे.

आबा रविवारी पेटी न्यायला येतील. टेबलाचा मधला भाग जगूचा. तिथं चिठ्ठी नसेल. पण मग ते तिचं म्हणून बघणारं एक तरी माणूस तिथं उभं पाहिजे, आत्या. मी स्टेजवर असणार. तुमच्याशिवाय कोण आहे?

लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची,
दीपमाला


येरमाळा
२१ फेब्रुवारी

ती. हरणाआत्या यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आलात. कार्यालयाच्या दारात तुम्ही आणि मामा दिसलात, तेव्हा युवराजांना न सांगताच मी स्टेजवरून उठले होते. फोटोवाल्यानं परत बसवलं. तुम्ही टेबलापाशी उभ्या होता. इकडची एक बाई तुमचा हात धरून बोलत होती. जरा वेळानं पाहिलं तर तुम्ही नव्हता. आई म्हणाली, वन्सं बार्शीची गाडी धरायला गेल्या, पानावर बसल्यासुद्धा नाहीत.

माझ्या हट्टानं तुम्हाला तिथं आणलं आणि कुणी काही लागेल असं बोललं का? त्या बाई आमच्या चुलत सासूबाई, कमलताई. त्यांना विचारावं तर तुमची अट आठवते. नव्या घरात सगळे चांगले वागतात, पण मला घास जात नाही. काय झालं ते कळवा.

अंतर देऊ नका.

तुमची,
दीपमाला


उमरगा
२ मार्च

चि. सौ. दीपमालास,
अखंड सौभाग्याचे आशीर्वाद.

नीट जेव. मला कुणी वाईट बोललं न्हाय. उलटं झालं.

सगळ्या वस्तूंपुढं नाव अन् मधल्यांपुढं कायच न्हाय, म्हणून बाया तिथंच थांबायच्या. तुझ्या कमलताईंनी तोरण हातात घेतलं ते खाली ठिवंनात. मला इचारलं, हे कुणाचं काम म्हणायचं? माझ्या तोंडातनं गेलं, माझ्या लेकीचं. तर म्हणाल्या, लई गुणाची हाय, लगीन व्हायचंय का? आमचा पुतण्या हाय बघा.

म्या म्हटलं, दिली तिला.

कुठं दिली? म्या म्हटलं, लांब. तवा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, माझी बी हैदराबादच्या पल्याड हाय, माहेराला येणं व्हत न्हाय. तुमची सुखात हाय न्हवं? म्या म्हटलं, तिकडनं कधी तक्रार येत न्हाय. त्या म्हणाल्या, आली की येरमाळ्याला घेऊन या, येडेश्वरीचं दर्शन करू, म्या तिची ओटी भरीन. म्या व्हय म्हटलं.

आता त्यांच्यासंगं पंगतीला बसायचं, तर जावई काय करतो, लेकरं किती, हे निघणारच. तेवढं मला रेटलं नसतं. म्हणून उठले.

तू शिकलेली, तुला खोटं खपत न्हाय. अन् कमलताई तुला आता घरात रोज भेटतील. कधी माझ्या लेकीचं इचारलं तर खरं सांगू नको. जगात एका बाईच्या मनात तरी माझी जगू सासरी नांदती हाय. तिला नांदू दे.

जावईबापूंना आशीर्वाद. सवड झाली की दोघं या.

तुझी,
हरणाआत्या