काचेवरची सोलं

मसुरे, ३ मे

प्रिय नमू,

अक्षर लावून वाच. मोबाइल टॉवरची राखण करणारा माणूस पत्र कशाला लिहितो, असं म्हणशील. फोनवर तू "बोला बाबा" म्हणतेस आणि माझं तोंड मिटतं. पाचवीपर्यंतच शिकलो, जमेल तसं लिहितो आहे.

जावयांची पाठ कशी आहे? त्यांना मोटारसायकलवर बसू देऊ नकोस. इथे सड्याच्या कातळावर ऊन फार. सोलरच्या काचा मी पूर्वी सकाळी एकदा पुसायचो, आता दोनदा पुसतो. काचा स्वच्छ असल्या की दिवसा बॅटऱ्या भरतात, रात्री टॉवर त्यांच्यावर चालतो, आणि त्या उतरल्या की जनरेटर आपोआप सुरू होतो. पूर्वी जनरेटर रात्रंदिवस धडधडायचा. तेव्हा तुझी आई म्हणायची, "ह्या मेल्याक झोप नाय आणि माकाय नाय." सोलर आला, सगळं शांत झालं, तर म्हणायला लागली, "आता तुमचा घोरणा ऐकाक येता. जनरेटरच बरो होतो."

तुझा जितूदादा दर रविवारी कणकवलीहून येतो. माझी औषधं आणतो, पेज करून घालतो. तू भराडीदेवीच्या जत्रेला आलीस आणि घरी न येता परत गेलीस, हे कळलं तेव्हा तो अर्ध्या जेवणावरून उठला. परवा तू मला सांगितलंस, आईच्या वर्षश्राद्धाला दादा असेल तर मी येणार नाही. आई तडफडत होती आणि हा फोन बंद करून झोपला होता, म्हणालीस. नमू, ते तुला मीच सांगितलं होतं.

गेल्या मे महिन्यात तुला सोलकढीसाठी पाठवायची रतांब्याची सोलं वाळत नव्हती. घरापुढच्या खळ्यात कोंबड्या शिरत, वर मळभ. टॉवरला कुंपण आहे, काच छान तापते, म्हणून मी ती सोलरवर पसरली. आई ओरडली, "ओ, ती कंपनीची काच आसा, तुमचा खळा नाय!" मी म्हटलं, दोन दिवसांत काय होतंय. एक काच झाकली तर अख्ख्या ओळीची वीज कमी होते, हे कंपनीच्या साहेबांनी मला बजावून सांगितलं होतं. बॅटऱ्यांच्या पेटीवर लाल दिवा लागला, तो मी ढगांच्या माथी मारला. जनरेटरचं डिझेल संपलेलं, गाडी आलेली नव्हती. तेही मला ठाऊक होतं.

तिसऱ्या पहाटे आईच्या छातीत कळ आली. फोन उचलला तर रेंजची एकही दांडी नाही, टॉवरच बंद पडलेला. ॲम्ब्युलन्सला लावला, जितूला लावला, पुन्हा जितूला लावला. एकही लागला नाही. रस्त्यापर्यंत धावत गेलो आणि रिक्षा घेऊन आलो, तोवर तिचे हात गार पडले होते.

तू दारात येऊन विचारलंस, दादाला फोन नाही केलात? माझ्या तोंडून निघून गेलं, त्याचा फोन बंद होता. जितू तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिसऱ्या दिवशी तो बादली घेऊन टॉवरकडे गेला. सोलांचा लाल रस काचांवर सुकून बसला होता, तो त्याने नखांनी खरवडून काढला. मला एवढंच म्हणाला, "बाबानू, ह्या कोणाक सांगू नकात."

वर्षभर मी त्याचं ऐकलं. मला ते सोयीचं होतं. आता नाही ऐकवत. यंदा सोलं घातली नाहीत, रतांबे झाडाखाली पडून आहेत. सोलं तुझ्यासाठी होती म्हणून जिवाला लावून घेऊ नकोस, काचेवर ती मी घातली. वीस तारखेला श्राद्ध आहे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. पण त्याआधी दादाला एक फोन कर. पेटीवरचा दिवा मी आत्ताच बघून आलो, हिरवा आहे. फोन लागेल.

तुझाच,
बाबा