माझ्या दाराची कडी

सोमवार, ४ तारीख

आले एकदाची. नव्या नोकरीच्या गावात जागेसाठी वणवण करावी लागणार म्हणून धास्तावले होते, तर ताईनेच हट्टाने घरी बोलावलं. सातवा महिना लागलाय तिला, तरी माझी खोली स्वतः झाडून ठेवली. मला तर रडूच आलं. सख्खी बहीण ती सख्खीच.

घरात आणखी एक मेंबर आहे, भावोजींचा कुत्रा. झुंजीच्या जातीचा, हौसेने आणलेला. मान कुठे संपते नि डोकं कुठे सुरू होतं, कळतच नाही. सगळे त्याला 'सरकार' म्हणतात. स्वारी पंजाने दाराची मूठ खाली दाबून दार उघडते. मी हसून हसून दमले.

बुधवार, ६

सरकार भावोजींच्या हातूनच खातो. चोराने विष घालू नये म्हणून पिल्लू असल्यापासून तसं शिकवलंय, भावोजी कौतुकाने सांगत होते. मी मांसाचा तुकडा पुढे केला, तर पठ्ठ्याने तोंड फिरवलं. यावरून दिवसभर माझी टिंगल चालली होती.

माझ्या दाराला आतून कडी नाही, नुसती स्क्रूची भोकं आहेत. ताई म्हणाली, मोडली होती, काढून टाकली. त्यांच्या दाराला मात्र दोन कड्या आहेत, एक नवी कोरी, एक जुनी पितळी. असेल काहीतरी.

शनिवार, ९

ताई-भावोजी तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात गेले. उद्या येतो म्हणाले. एका दिवसासाठी केवढ्या त्या बॅगा! स्वतःच्या खोलीला कुलूपही लावलं. निघताना भावोजी सरकारच्या गळ्यात पडून रडले. माझ्याकडे कोणी धड बघितलं नाही.

सोमवार, ११

आले नाहीत. फोन लागत नाही. सरकारने शनिवारपासून अन्नाला तोंड लावलेलं नाही. भांडं पुढे केलं तर गुरगुरतो. मुसकं बांधायला गेले, तर त्याने मुसक्याचा पट्टाच तोडला.

जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. नव्या मालकीणबाई तुम्हीच ना, असं विचारलं. मी म्हटलं, कसली मालकीण? ते म्हणाले, याच्या चाव्याने कामवाल्या बाईंचा हात गेल्यावर मी याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवा म्हणून सांगितलं होतं. तर तुमच्या ताई म्हणाल्या, माझी बहीण घेतेय त्याला, तिला लहानपणापासून कुत्र्यांची सवय आहे.

मी आयुष्यात मांजरसुद्धा पाळलेली नाही. डॉक्टर घाबरले. माणसं घेऊन उद्या येतो म्हणाले.

मंगळवार, १२

सकाळी ताईने फोन उचलला. रडत होती. म्हणाली, बाळ येतंय गं, सरकारला घरात ठेवता येईना, नि त्याला मारणं ह्यांच्या जिवावर आलं. तू एकटीच आहेस, होईल तुला सवय.

त्याला मारवलं नाही. आणि मला—

मंगळवार, दुपार

पोटरीचा लचका तोडलाय. कशीबशी खोलीत शिरले. ओढणी बांधली, तरी रक्त— फोन स्वयंपाकघरात राहिला. खिडकीला गज. दाराला टेबल लावलंय, पण हलकं आहे.

डॉक्टर अजून—

ती पितळी कडी. ह्याच भोकांतली. मोडली नव्हती. माझी काढून स्वतःच्या दाराला लावली ताईने. माझी खोली झाडताना तिला सगळं—

नखं वाजतायत. बाहेर आलाय.

ताई, मूठ खाली