बारशाचा वरवंटा

दि. ११ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. संचालक,
रत्न व खनिज संग्रहालय,
जुनी सूतिकागृह इमारत, परळ, मुंबई.

विषय : नमुना क्र. ११४ कापू नये याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ फेब्रुवारीचे पत्र.

महोदय,

मी या सूतिकागृहात चौतीस वर्षे आया होते. आता वय एक्क्याऐंशी.

१. आपण ज्याला 'काळा बेसाल्ट' म्हणता तो आमचा वरवंटा आहे. चाळीच्या एका खोलीत दहा माणसे, त्यात रातपाळीचे दिवसा झोपलेले. म्हणून बाळंतिणी बाराव्या दिवसापर्यंत सूतिकागृहातच राहत आणि बारसे व्हरांड्यात होई. वरवंट्याला कुंची घालून आधी पाळण्यात निजवायचे, मग बाळाला. बाळ तसे घट्ट व्हावे म्हणून. हजारो बाळांआधी हाच निजला.

२. इमारत घेताना आपण चाळीत आलात. म्हणालात, "मावशी, मी इथलाच. बाळंतिणींची खोली जशीच्या तशी ठेवू." आईचे नाव सांगितलेत. मला त्या लगेच आठवल्या : तिसरी खाट, आपण पायाळू. मी विश्वास ठेवला, सही केली. माझ्या सांगण्यावरून चाळीतल्या आणखी चौदा बायकांनी इमारत संग्रहालयाला देण्याच्या संमतीपत्रावर सह्या केल्या.

३. त्या खोलीत आता तिकीट खिडकी आहे. पाळणा भंगारात गेला. वरवंटा काचेत दिसला तेव्हा मी हात लावायला गेले, तर पहारेकरी म्हणाला, "आजी, लांबून बघा." फलकावर सूतिकागृहाचे नाव लिहावे असा अर्ज केला. उत्तर आले की वापराचा इतिहास संग्रहालयाच्या कक्षेत येत नाही, आणि वस्तूवर हक्क सांगायचा असल्यास मालकीचा पुरावा जोडावा. वरवंट्याची पावती कोणाकडे असते?

४. त्याच पत्रात कळवले आहे की एका टोकाला स्फटिक दिसत असल्याने, आतली पोकळी दाखवण्यासाठी ३ मार्च रोजी तो मधोमध कापून घासला जाईल. शेजारच्या कांताबाईंनी पत्र वाचले आणि म्हणाल्या, "सुभद्राबाई, खोली गेली, पाळणा गेला, आता हापण चिरतायत. सही करा म्हणून तुम्हीच मागे लागलेलात ना?"

५. मिक्सर आल्यापासून चाळीत वरवंटे दाराला टेकू म्हणून पडून आहेत. हवे तितके आणून देते. त्यांतही स्फटिक निघेल. ते कापा.

६. हाच कापायचा असे ठरले असेल, तर माझी एवढीच विनंती. त्या चौदा जणींपैकी अकरा हयात आहेत. आपण स्वतः चाळीत येऊन प्रत्येकीच्या दारात उभे राहून तसे सांगावे. मागच्या वेळी आपल्या वतीने मी सांगितले. या वेळी सांगणार नाही.

आपल्या शब्दावर सही केलेली,
सुभद्रा शामराव घाडी
(निवृत्त आया), लालबाग

सोबत : व्हरांड्यातील बारशाचे छायाचित्र, १९७८. मूळ प्रत आहे, परत मिळावी.