चिंधीखालची अंगठी

उमरेड,
रविवार

प्रिय दिपाली,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे, कोणाला काही झालेलं नाही. माझा फोन तू सहसा उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला जे सांगायचं आहे ते फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही. सातवीपर्यंत शिकले, त्यानंतर किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे. तुझी मैत्रीण अदिती इथे तिच्या मावशीकडे बारशाला आली होती, ती काल घरी येऊन गेली. उद्या परत नागपूरला निघते आहे, तिच्याच हाती हे पत्र देते.

ती सांगत होती की तू आता ऑपरेशन थिएटरची मुख्य सिस्टर झालीस आणि केस खांद्यापर्यंत कापलेस. बरं वाटलं. आणखीही काही सांगितलं तिनं, ते ऐकून रात्रभर बसून राहिले आणि सकाळी वही काढली. इकडचं म्हणशील तर मागाची खोली शेजारच्या भारतीला शिवणकामासाठी दिली आहे. दिवसभर मशीनचा आवाज असतो, तेवढीच घराला जाग. माझे गुडघे दुखतात, पण बसस्टँडपर्यंत चालता येतं.

तुमच्या लग्नाला तीन महिने झाले होते तो रविवार तुला आठवतो का? तू आणि जितू सीताबर्डीला कपडे घ्यायला म्हणून गेलात आणि बोटावर अंगठ्या गोंदवून आलात. त्याच वर्षी जितूच्या खाणीतल्या वर्कशॉपमध्ये त्याचा जोडीदार चंदन ट्रकवरून खाली उडी मारायला गेला, अंगठी हुकात अडकली आणि बोटच गेलं होतं. तेव्हापासून जितूनं लग्नातली अंगठी डब्यात ठेवली होती. तुझं तर काय, कोपराच्या खाली काही घालायचं नाही, मंगळसूत्रसुद्धा ड्युटीला जाताना काढून ठेवायचं. तू हसत म्हणाली होतीस, "आई, आमचे दागिने लोखंडी कपाटात संसार करतात, आणि आम्ही बाहेर बिनदागिन्याचे फिरतो." म्हणून ही कोणालाच काढावी न लागणारी अंगठी. जितूनं आपल्या बापाच्या हातच्या साडीचा करवती काठ कागदावर काढून नेला होता. करवतीच्या दात्यांसारखे बारीक बारीक दाते, बोटाभोवती गोल.

तुझ्या सासऱ्यांनी माग बंद केला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. चष्मा लावून, जितूचा हात खिडकीपाशी नेऊन, त्यांनी एकेक दाता मोजला. मग तुझा हात मागितला. "काठ सरळ आला गा," एवढंच म्हणाले, पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले. मी मात्र जेवले नाही. दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. लोक काय म्हणतील, गळ्यात मंगळसूत्र नाही आणि बोटावर हे काय सोंग, असं बडबडत राहिले. तुला वाटलं सासू जुन्या वळणाची आहे. मला तेव्हा वाटलं होतं ते वेगळंच होतं. तुमची बोटं पाहिल्याबरोबर मनात आलं, ह्यातलं एक आधी गेलं तर मागे राहिलेल्यानं काय करायचं? असं अभद्र मनात आलं म्हणून मी स्वतःवरच चिडले होते. सांगायला हवं होतं तेव्हाच. पण मग ते मनात का आलं, तेही सांगावं लागलं असतं.

पुढे दोन वर्षांत हे गेले, आणि त्यानंतर तीन वर्षांनी जितू. पहिल्या पाळीहून मोटारसायकलवर परत येताना, भर दुपारी, घर पाच किलोमीटरवर असताना. दवाखान्यात त्याचं घड्याळ, पाकीट आणि गळ्यातला गोफ प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी पांघरूण सारून हात पाहिला. चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती, पण बोटावरून ओळखलं, हा माझाच. तू पलीकडे उभी होतीस आणि तुझं बोट त्याच्या बोटाला लावून ठेवलं होतंस. बराच वेळ. मला ते आजही डोळ्यांसमोर दिसतं.

दहाव्या दिवसाबद्दलही लिहायलाच हवं. तुझं मंगळसूत्र कपाटात होतं. बायका म्हणाल्या, काढायचं तर आधी घालावं लागेल. ते तुझ्या गळ्यात घातलं आणि लगेच काढलं.  मग ह्यांची बहीण, तुमच्या यमुआत्या, पांढऱ्या धोतराची चिंधी घेऊन आल्या आणि तुझं अंगठीचं बोट त्यांनी गुंडाळून, गाठ मारून टाकलं. तू त्यांच्याकडे पाहून म्हणालीस, "आत्याबाई, हे तुम्हाला शोभलं नाही." त्यांनी मान खाली घातली. मी भिंतीला टेकून बसले होते, डोळ्यांना पदर लावून. तेरवी झाली तशी तू नागपूरला गेलीस. त्याला आता दोन वर्षं होतील. तू मला बिचारी समजून दोष दिला नाहीस, पण यमुताईंना माफ केलं नाहीस.

आता ज्याच्यासाठी वही काढली ते लिहिते. एकदा मी तापात पडले होते आणि तू माझे हात दाबून देत होतीस. माझ्या मनगटावरचं हिरवट गोंदण पाहून विचारलंस, आई, तुम्ही शंकराच्या भक्त आहात का? महादेव असं लिहिलं आहे म्हणून. मी हो म्हटलं. खोटं बोलले. तो देव नाही, दिपाली. तो माझा पहिला नवरा आहे.

माझं पहिलं लग्न भिवापूरला झालं होतं, सतराव्या वर्षी. त्यांचंही घर विणकराचंच, आणि हंगामात आम्ही बायका मिरच्यांचे देठ खुडायला जायचो. संध्याकाळी हातांची अशी आग व्हायची की डोळ्यांना लागू नये म्हणून ते मला स्वतः घास भरवायचे. मंगळवारच्या बाजारात गोंदणारीण बसली होती. सगळ्या जणी तुळस नाहीतर टिपके गोंदवत होत्या. मी त्यांचं नाव सांगितलं. तोंडानं उच्चारायचं नाही, तर कागदावर लिहून दिलं. अकराव्या महिन्यात त्यांना कावीळ झाली आणि गेले. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, डोरलं निघालं. मनगट तसंच राहिलं.

दोन वर्षांनी वडिलांनी माझा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावून दिला तो उमरेडला, तुझ्या सासऱ्यांशी. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी हात पाहिला आणि म्हणाल्या, यावर मोठी तुळस गोंदवून घे, म्हणजे नाव बुजेल. हे दारात उभे होते. म्हणाले, "राहू दे वं मा. देवाचं नाव आहे, त्याले कोण बुजवते?" त्यानंतर बेचाळीस वर्षांत त्यांनी एकदाही विषय काढला नाही. माझा हात हातात घ्यायचे तोही त्याच बाजूनं घ्यायचे. मोठं मन होतं त्यांचं. पण त्यांनी माझी लाज राखायला जे म्हटलं, ते मी पुढे खरंच करून टाकलं. सगळ्यांना देवच सांगितला. जितूलाही. पोटच्या पोराला कधी कळलं नाही की त्याच्या आईचं आधी एक लग्न झालं होतं. शेजारच्या, भावकीतल्या जाणत्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. पक्कं माहीत असलेल्या एकट्या यमुताईच उरल्या.

आता दहाव्या दिवसाची सकाळ. बाहेरच्या खोलीत बायका बोलत होत्या. हिच्या बोटावरचं कसं काढाल, गोंदलेलं कधी निघते का, असं. मी आत ऐकत होते. मला एवढंच सुचलं की आता ह्यांची नजर तुझ्या बोटावरून उठेल आणि माझ्या मनगटावर येईल. कोणीतरी आठवून म्हणेल, हिचं तरी कुठे निघालं होतं. पोटचा पोर जाऊन दहा दिवस झाले होते आणि मला माझ्या लपवाछपवीची भीती वाटत होती. मी यांचं जुनं धोतर काढलं आणि चिंधी फाडली. मी फाडली, दिपाली. यमुताई तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "राहू दे ना वहिनी. पोरीचं बोट आहे, त्याले काहून बांधता?" मी ऐकलं नाही. म्हटलं, बांधलंच पाहिजे, आणि तुम्ही बांधा, माझ्यानं व्हायचं नाही. त्यांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. तरी उठल्या आणि बाहेर जाऊन तुझं ते वाक्य ऐकून घेतलं.

त्यानंतर त्यांनी कोणापाशी तोंड उघडलं नाही. दर दिवाळीला तुला फोन लावतात, तू उचलत नाहीस, मग मला विचारतात, पोरगी बरी आहे ना? आणि मी हो म्हणते. दोन वर्षं मी त्यांच्या आडोशाला बसले आहे. कधी वाटायचं सांगून टाकावं, कधी वाटायचं काळाबरोबर विरून जाईल. तू मला दर महिन्याला औषधं पाठवतेस, तीही मी घेत राहिले. माफी माग असं मन सांगतं, पण माफी मागितली की समोरच्यावर ओझं पडतं, म्हणून तो शब्द लिहीत नाही.

अदिती काल बोलता बोलता म्हणाली की तू अजून रस्त्यावर निघताना त्या बोटाला चिकटपट्टी लावतेस. दोन वर्षं झाली तरी. आणि येत्या गुरुवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाणार आहेस, लेझरनं ते जाळून काढायला, पाच-सहा वेळा जावं लागेल आणि गोंदवण्यापेक्षा जास्त दुखेल म्हणे. अभिजीतबद्दलही सांगितलं, तुझ्याच दवाखान्यात एक्स-रे काढणारे. त्यांनी काढ म्हटलेलं नाही, उलट राहू दे म्हणाले, आणि तूच म्हणालीस की मला या बोटाची लाज वाटते, हे गेल्याशिवाय मी लग्नाला हो म्हणणार नाही. ती लाज तुझी नाही गं. ती माझी आहे, मी तुझ्या बोटाला बांधली. गुरुवारच्या आत तुला हे कळावं म्हणून हे पत्र. काढू नकोस असं सांगत नाही. तुला काढावंसं वाटलं तर काढ, जितूही रागावला नसता. पण माझ्या चिंधीपायी काढू नकोस. लग्न कर, ठेवून कर नाहीतर काढून कर, मी दोन्ही करून पाहिलेल्यांपैकी नाही, पण ठेवून करता येतं एवढं माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. मी आज सकाळीच यमुताईंकडे जाऊन आले. तुला लिहिणार आहे असं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, आधी लिहायचं होतं. त्या बुधवारी संध्याकाळी तुला फोन करतील. माझा उचलू नकोस हवं तर. त्यांचा उचल.

तुझीच,
रुखमाबाई