लाल यीस्ट आणि ओलं गोणपाट

आई, तुला जाऊन अठरा वर्षं झाली. धामणगाव बढेच्या घरात, तुझ्या ओट्यापाशी बसून लिहिते आहे, कारण मी लॅबमधून पळून आले आहे. बाबांना सुट्टी आहे म्हणून सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त दोनदा चहा ठेवला.

यीस्ट म्हणजे पाव फुगवणारा जीव. त्याच्या पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, रिळावर दोरा असतो तसा. काही प्रथिनं हिस्टोनांवरच्या रासायनिक खुणा काढून टाकतात, मग गुंडाळी घट्ट होते आणि तिथलं जनुक जागच्या जागी गप्प बसतं. आम्ही एक जनुक अशा जागी बसवतो, की ते चालू असेल तर यीस्टचा ठिपका पांढरा दिसतो, गप्प असेल तर लाल. सात वर्षांपूर्वी मी हिस्टोनमध्ये एक बदल केला आणि एक ठिपका इतका लालभडक आला की मी हरखून गेले. पुढचं सगळं काम त्या एकाच ठिपक्यापासून वाढवलेल्या वाणावर केलं. पण जनुक मोडलेलं असेल तरीही रंग लालच येतो. ते तेव्हाच तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. प्रबंध पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे आणि हाताखालच्या दोन मुलींचं कामही त्याच वाणावर उभं आहे.

पेरणीआधी तू शंभर मूग मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवायचीस, किती उगवतात ते पाहायला. एका वर्षी पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं आणि मी दोन दिवस विसरले. कितीतरी दाणे तसेच राहिले. मी ते खिशात घातले आणि उसळीसाठी मोड आणलेले मूग त्यांच्या जागी मांडले. तू गोणपाट उलगडतेस, एक मोड उचलतेस. तो अलगद हातात येतो.

"काऊन वं, याचं मूळ गोणपाटात रुतलं काऊन नाही?"

मी खिशावर हात ठेवला.

"मले फसवशीन. वावराले कशी फसवशीन? आन ते दाणे इकडं."

मग शेजारी बसवून तू एकेक दाणा नखाने दाबायला लावलास. "हा कडक हाये, म्हंजे झोपला हाये. हा पिचला, हा मेला. वरून दोघं सारखेच दिसतात."

आमच्याकडे दाबायला निकोटिनामाइड आहे, एका जीवनसत्त्वाचंच रूप. ते यीस्टच्या खाद्यात घातलं की गप्प करणारी प्रथिनं थांबतात आणि झोपलेलं जनुक जागं होऊन ठिपका पांढरा होतो; मोडलेलं असेल तर लालच राहतो. गेल्या आठवड्यात शेवटी मी तसं खाद्य घातलेली प्लेट लावली. काल माझ्या हाताखालच्या त्या दोघींपैकी एकीचा फोन आला, "मॅडम, प्लेट बघू का?" मी येईपर्यंत हात लावू नकोस, असं मी तिला सांगितलं.

आई, मी निघण्याआधीच झाकण उघडलं होतं. शेजारी ताडून पाहायला लावलेल्या, जनुक नुसतं झोपलेल्या जुन्या वाणाचे ठिपके पांढरे झालेत. माझे सगळे लाल आहेत. एकही उठला नाही. त्या पांढऱ्यातले चार उचलून माझ्या ओळीत आणायला मी सुई हातात घेतली होती. आणले नाहीत. पण त्या मुलीला मी अजून फोन केलेला नाही.